वाहत्या पाण्यातील गळ

‘गळ टाकून बसणे’ हा वाक्प्रचार तळ्याकाठी किंवा डोहाकाठी शोभतो. उथळ आणि वेगवान नदीत गळ टाकून बसता येत नाही. तो धारेबरोबर सोडावा लागतो, आवरावा लागतो आणि पुन्हा वर आणून सोडावा लागतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा प्रकार करता येईल अशी पाण्याची ठिकाणे थोडी आहेत आणि ती आणखी कमी होत आहेत. म्हणूनच त्याची माहिती करून घेणे म्हणजे आपल्या नद्यांचे वाहतेपण समजून घेणे होय.

साधने आणि तत्त्व

काठी, तंगूस, गळ, शिशाचे मणी आणि पाण्यावर तरंगणारा भेंडाचा किंवा बुचाचा तुकडा एवढीच सामग्री लागते. या तुकड्याला येथे ‘तरंगा’ म्हटले आहे. इंग्लंडमधील ट्रेंट नदीच्या काठी, नॉटिंगहॅम परिसरात, एकोणिसाव्या शतकात सहज फिरणाऱ्या लाकडी रिळामुळे ही पद्धत विशेष विकसित झाली. रीळ नसले तरी लांब बांबूच्या काठीने लहान टप्प्यात काम भागते.

संथ पाण्यातला सडपातळ तरंगा धारेत टिकत नाही. येथे वरचा भाग फुगीर आणि खालचा निमुळता असा तरंगा हवा आणि तो दोन्ही टोकांनी तंगुसाला घट्ट बसवलेला हवा. शिसे गळाच्या थोडे वर एकत्र लावले, तर आमिष लवकर तळाजवळ पोहोचते. आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची घट्ट गोळी पुरेशी असते.

खरी मेख वेगातील फरकात आहे. नदीचे पाणी पृष्ठभागी वेगाने धावते, तर तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणामुळे ते मंदावते. तरंगा मोकळा सोडला, तर तो पुढे पळतो आणि आमिषाला फरपटत नेतो. अशा आमिषाकडे मासा संशयाने पाहतो. म्हणून तंगूस किंचित रोखून धरावा. मग आमिष पुढे आणि तरंगा मागे असा क्रम राहतो. तरंगा वारंवार तळाला अडखळून बुडत असेल, तर त्याच्या खालचा दोरा दोन बोटे कमी करावा. तो धारेविरुद्ध थबकला किंवा अचानक दिसेनासा झाला, तर तत्काळ काठी उचलावी.

मासा भर धारेत क्वचितच थांबतो. वेगवान आणि संथ पाणी जेथे एकमेकांना भिडते तेथे, किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला, तो वाहून येणाऱ्या अन्नाची वाट पाहतो. तरंगा याच रेषेवरून न्यावा.

नद्या आणि हंगाम

गोदावरी, मांजरा आणि पैनगंगा या येथील प्रमुख नद्या. गोदावरी नांदेडपूर्वी विष्णुपुरी येथे अडवली जाते. पुढे धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी, ७२४ किलोमीटर लांबीची मांजरा लातूर जिल्ह्यात बंधाऱ्यांच्या साखळीतून जाते. पैनगंगेचे पात्र किनवट तालुक्यात, सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरात, खडकाळ आहे. मात्र धबधब्याखालचे पाणी खोल आणि धोकादायक असून तेथे उतरू नये. नदीचा जो भाग अभयारण्यात येतो, तेथे परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ आणि अनावर असते. पूर ओसरल्यावर पाणी निवळते, पण धार शिल्लक असते. ते थोडे आठवडे या प्रकाराचा खरा हंगाम. उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी केवळ डोह उरतात.

मासे आणि त्यांची नावे

इंग्रज अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. महसीरची ‘खुद्री’, तसेच ‘कोलस’ आणि ‘मुल्ल्या’ ही शास्त्रीय नावे त्यातलीच. यांपैकी मुल्ल्या हा लहान मासा दगडाला चिकटून शेवाळ खातो. तो गळाला सहसा लागत नाही, पण तो दिसला तर धार जिवंत आहे असे समजावे. बंधाऱ्याच्या साठ्यात रोहू, कटला यांचे बीज सोडता येते. मुल्ल्यासारख्या माशाला मात्र वाहते पाणी आणि स्वच्छ दगडच लागतात.

पथ्ये

धरणाचे दरवाजे उघडताच खालच्या पात्रातील पाणी झपाट्याने वाढते. त्यामुळे विसर्गाची सूचना असताना पात्रात पाऊल टाकू नये आणि एकट्याने जाऊ नये. पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ आहे. तेव्हा अंडी धरलेली मादी मिळाल्यास परत सोडावी. अनेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. भोई समाजातील अनेकांची चूल त्यावर पेटते, म्हणून हौशी माणसाने त्यांची परवानगी घेतलीच पाहिजे. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

धार उरली तर

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर बंधाऱ्यांची निकड कोणी नाकारणार नाही. परंतु साठवलेले पाणी म्हणजे नदी नव्हे. बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली खळाळ बुडतो, तर वाळूच्या उपशाने उथळ पात्रात खड्डे पडतात. दोन्हींमुळे धार मरते आणि धारेतला मासा गुपचूप नाहीसा होतो. जलाशयातील उत्पादनाच्या आकड्यांत ही हानी दिसत नाही. ती प्रथम दिसते ती काठावरच्या माणसाला, ज्याचा तरंगा सोडलेल्या जागीच स्थिर राहतो.