मोजणीत न येणारी जोडी

रेणापूरहून सकाळी लातूरला निघणाऱ्या एसटीत अकरावी-बारावीची मुले दाटीवाटीने उभी असतात. त्यांच्यातच माझी पुतणी असते. गेल्या पावसाळ्यात तिची रसायनशास्त्राची वही चाळताना एक तक्ता दिसला : मिथेन 109.5 अंश, अमोनिया 107, पाणी 104.5. खाली लाल शाईने लिहिले होते, 'पाठ करणे'. कोन असा कमी कमी का होत जातो, असे मी विचारले. ती म्हणाली, "काका, लोन पेअरमुळं. पण ती खरंच तिथं असती का, का नुसती हिशेबापुरती?"

मी रसायनशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. जे वाचले ते पुस्तके गोळा करून, आपल्या हाताने. पण हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. त्याच्यामागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

कार्बनचे चार बंध एका पातळीत नसून चतुष्फलकाच्या चार टोकांकडे वळलेले असतात, हे व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्येच स्वतंत्रपणे सांगितले होते. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो 1897 चा. 1916 मध्ये गिल्बर्ट लुईसने बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, ही कल्पना मांडली. कागदावर ठिपके काढून रेणू दाखवण्याची पद्धत तिथून आली. या ठिपक्यांत काही जोड्या बंधात गुंततात आणि काही मधल्या अणूपाशीच राहतात. नुसत्या राहिलेल्या त्या एकाकी जोड्या. कोण कोणाशी जोडलेले आहे हे ठिपके सांगतात, पण रेणूचा आकार सांगत नाहीत.

आकाराचा धागा जपानमध्ये र्युतारो त्सुचिदाने पकडला. रेणूचा आकार आणि इलेक्ट्रॉन जोड्यांची संख्या यांचा संबंध दाखवणारा त्याचा लेख 1939 चा, आणि तो जपानी भाषेत आहे. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डचे नेव्हिल सिजविक आणि हर्बर्ट पॉवेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या बेकेरियन व्याख्यानात तोच विचार सविस्तर मांडला. पुस्तकांत नावे चालली ती त्यांची. त्या काळी आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवले जात होते. आपल्या मुलांपर्यंत हा विषय आधी उर्दूतून आला आणि पुढे इंग्रजीतून.

सिजविक-पॉवेल यांचा मुद्दा वरवर साधा होता. मधल्या अणूभोवतीच्या जोड्या मोजा; त्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर जातात. दोन असतील तर सरळ रेषा, तीन असतील तर त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक, सहा असतील तर अष्टफलक. जत्रेतले चार फुगे तोंडाशी एकत्र बांधले तर ते आपोआप चतुष्फलकाच्या टोकांकडे पसरतात, तसेच हे. महत्त्वाची गोष्ट अशी की, बंधात न आलेल्या जोड्याही मोजायच्या. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिन्हींत मधल्या अणूभोवती जोड्या चारच. मिथेनमध्ये चारही बंधात आहेत, अमोनियात एक मोकळी आहे आणि पाण्यात दोन.

मग कोन वेगळे का? याचे उत्तर 1957 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड न्यहोम यांनी दिले. बंधातली जोडी दोन अणूंच्या ओढीत ताणली जाते. एकाकी जोडी एकाच अणूची असल्याने त्याच्याजवळ अधिक जागा व्यापते आणि शेजारणींना दाबते. अमोनियात अशी एक जोडी बंधांना थोडे जवळ ढकलते, पाण्यात दोन मिळून आणखी. 109.5, 107, 104.5 ही उतरण त्यातून येते. 1963 मध्ये गिलेस्पीने या विचाराला व्हीएसईपीआर हे नाव दिले. जोड्यांचे हे ढकलणे केवळ समान विद्युतभारांचे नसून मुळात पाउलीच्या नियमामुळे असते, यावर तो भर देत असे.

कसोटीची वेळही लवकरच आली. कशाशीच संयोग न पावणारा मानला गेलेला झेनॉन 1962 मध्ये संयुगे देऊ लागला. झेनॉन डायफ्लुओराइड सरळ रेषेत निघाले, टेट्राफ्लुओराइड सपाट चौकोनी. दोन्ही या मोजणीत बसतात. हेक्झाफ्लुओराइडमध्ये सहा फ्लोरीन आणि वर एक एकाकी जोडी असल्याने ते नियमित अष्टफलक नसावे, हा गिलेस्पीचा अंदाजही खरा ठरला.

तरी पुतणीचा प्रश्न उरतोच. इलेक्ट्रॉन हा ठिपका नसून पसरलेला ढग आहे. मग 'जोडी' असते कुठे?

या प्रश्नावर मोलाचे काम झाले ते पुण्यात. पुणे विद्यापीठातील श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचा अभ्यास केला. त्यांना 1993 चा भटनागर पुरस्कार मिळाला. कल्पना अशी : एक सूक्ष्म धनभार रेणूजवळ फिरवायचा आणि तो कुठे सर्वाधिक ओढला जातो ते पाहायचे. डोंगर-दऱ्यांच्या नकाशासारखा हा नकाशा असतो. त्यात शिखरे फक्त अणुकेंद्रकांवरच असू शकतात, असे पाठक आणि गद्रे यांनी 1990 मध्ये गणिताने सिद्ध केले. दऱ्या मात्र इतरत्र असतात. पाण्याच्या नकाशात ऑक्सिजनच्या हायड्रोजन नसलेल्या बाजूला दोन दऱ्या दिसतात, अमोनियात नायट्रोजनवर एक. गणिताला 'इथे जोडी शोध' असे कोणी सांगितलेले नसते, तरी लुईसच्या ठिपक्यांची जागा त्यात उमटते. एकाकी जोडी ठिपक्यासारखी नाही, पण नुसती हिशेबापुरतीही नाही.

हे मी पुतणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पण परीक्षेत तर कोनच विचारतात." तेही खरे. पण तो कोन आपल्या अंगणातला आहे. पाण्याचा रेणू कार्बन डायऑक्साइडसारखा सरळ असता, तर त्याची दोन टोके समतोल झाली असती, ध्रुवीयता उरली नसती आणि रेणूंची एकमेकांवरची आजची पकडही राहिली नसती. आपल्या तापमानाला पाणी द्रवरूप राहते ते या पकडीमुळे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला जे पाणी आले, ते टँकरमध्ये भरता आले याचे मूळही तिथे, ऑक्सिजनच्या त्या दोन मोकळ्या जोड्यांमध्ये आहे.

लातूर पॅटर्नने आमच्या मुलांना गुण मिळवून दिले, त्याची मला किंमत आहे. पण तक्त्याच्या खाली लाल शाईने 'पाठ करणे' लिहिणाऱ्याने त्याच शाईने चार ओळी जास्त लिहाव्यात : लुईसचे ठिपके, त्सुचिदाचा जपानी लेख, गिलेस्पीचा अंदाज, पुण्यातले गणित. पुतणीने माझ्यासमोरच तिच्या वहीच्या समासात त्या लिहून घेतल्या. मराठीत.