मरण कर्तरी की कर्मणी?

लॅटिनमध्ये 'आमो' म्हणजे मी प्रेम करतो आणि 'आमोर' म्हणजे माझ्यावर प्रेम केलं जातं. शेवटी 'र' लागला की क्रिया कर्त्याकडून होत नाही, कर्त्यावर होते. नियम सोपा आहे. पण 'मरणे' हे क्रियापद आलं की तो गडबडतो.

मोरिओर, मोरेरिस, मोरितुर. मोरिमुर, मोरिमिनी, मोरिउंतुर. मी मरतो, तू मरतोस, तो मरतो. आम्ही मरतो, तुम्ही मरता, ते मरतात. सगळी रूपं कर्मणी, अर्थ मात्र कर्तरी. जन्मणे (नास्कोर), सोसणे (पातिओर), बोलणे (लोक्वोर), मागोमाग जाणे (सेक्वोर) ही क्रियापदंही अशीच चालतात.

रोमन वैयाकरणांपुढे कर्तरी आणि कर्मणी असे दोन ठळक खाने होते. ही क्रियापदं कुठल्याच खान्यात नीट बसेनात. मग त्यांना नाव मिळालं 'देपोनेन्स', म्हणजे काहीतरी उतरवून ठेवणारी. जणू त्यांनी कर्मणी अर्थ अंगरख्यासारखा काढून ठेवला आहे.

खरं तर त्यांनी काहीच उतरवलं नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी पाणिनीने संस्कृतात परस्मैपद आणि आत्मनेपद असा भेद मांडला होता. आत्मनेपद म्हणजे ढोबळमानाने अशी रूपं, जिथे क्रियेचा परिणाम कर्त्यापाशीच राहतो. आणि संस्कृतात मरतो कसं म्हणतात? 'म्रियते'. आत्मनेपदी! 'सेक्वोर'चा संस्कृत भाऊ 'सचते', तोही आत्मनेपदी.

१७८६ मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं. १८१६ मध्ये फ्रान्झ बोप यांनी तर क्रियापदांच्या चालण्याचीच तुलना करून पुस्तक लिहिलं. 'मोरिओर' आणि 'म्रियते' यांचा धातू एक आहे. प्रत्यय मात्र वेगळे: लॅटिनचा 'र' संस्कृतच्या 'ते'मधून आलेला नाही. पण मरण साध्या कर्तरी रूपात सांगायचं नाही, ही जुनी सवय दोघींनी जपली.

पुढे बोलीभाषेत हा 'र' गळून पडला. इटालियन 'मोरीरे', फ्रेंच 'मुरीर', पोर्तुगीज 'मोरेर' यांची रूपं साधी कर्तरी झाली. भूतकाळात मात्र जुनी खूण राहिली. लॅटिनमध्ये तो मेला म्हणजे 'मोर्तुउस एस्त' आणि ती मेली म्हणजे 'मोर्तुआ एस्त'. शब्दशः 'मृत आहे'. इटालियन आजही 'ए मोर्तो', 'ए मोर्ता' म्हणते.

आता आपलं 'मेला', 'मेली' बघा. तेही संस्कृत 'मृत'वरूनच आलं आहे, म्हणून तर ते लिंगाप्रमाणे बदलतं. आपला भूतकाळ मुळात एक विशेषण आहे.

माणूस मरतो तेव्हा तो काही करतो, की त्याच्यावर काही होतं? दोनच खाने असले की यातलं एक उत्तर निवडावं लागतं. जुन्या भाषांकडे तिसरा खाना होता: जे आपल्याच आत घडतं, पण आपण घडवत नाही. जन्म, सोसणं आणि मरण त्यांनी तिथे ठेवलं होतं.