प्लेग आणि मुंबईतील मैलासफाई
प्लेग आणि मुंबईतील मैलासफाई : मुंबईच्या मांडवी भागात २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. शहराच्या पुष्कळ भागांत तेव्हा मैला वाहून नेणारी गटारे नव्हती. तेथील मैला हलालखोर म्हणून ओळखले जाणारे महापालिकेचे कामगार हातांनी उचलून नेत. आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबरला रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा आदेश काढला. त्यामुळे क्षोभ माजून २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. हलालखोर व झाडूवाले पळून गेल्यास शहर राहण्यायोग्य उरणार नाही, हे ओळखून स्नो यांनी दुसऱ्याच दिवशी आदेश सौम्य केला. सेवा टिकली ती या माघारीमुळे. कामगारांचे संरक्षण हा मात्र तिचा हेतू नव्हता. त्या संरक्षणाला कायद्याचे बळ पुष्कळ उशिरा मिळाले. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालून गटारकामासाठी संरक्षक साधने सक्तीची करणारा केंद्रीय कायदा २०१३ मध्ये झाला. २०२० च्या कोविड साथीत सफाई ही पुन्हा अत्यावश्यक सेवा ठरली. तेव्हाही कामगाराच्या सुरक्षिततेवाचून ती टिकत नाही, हा १८९६ चा धडा लागू होता.