४० हजारांत गेमिंग पीसी : कुठला पार्ट आधी घ्यायचा, कुठला नंतर?

पेठ वडगाव : उसाचं बिल जमा झालं किंवा बारावीचा निकाल चांगला लागला की घरात एक विषय हमखास निघतो. पोराला कॉम्प्युटर पाहिजे असतो. घरच्यांना तो अभ्यासाला हवा असतो, पोराला गेमला. दोघांचंही बरोबर आहे, कारण जी मशीन गेम नीट चालवते ती इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग, व्हिडिओ एडिटिंग आणि टॅलीही चालवते. अडचण पैशांची असते. तीस-चाळीस हजार रुपये एकदाच हातात येतात, आणि चुकीच्या वस्तूत गेले की पुढची चार वर्षं घरात तेच ऐकावं लागतं.

वडगाव, भादोले, लाटवडे, किणी, घुणकी या भागातली बहुतेक खरेदी कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानांतून होते, नाहीतर ऑनलाइन. दोन्हीकडे चांगला माल मिळतो आणि दोन्हीकडे फसायलाही होतं. म्हणून दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी पार्टांची ओळख झालेली बरी.

"आय-७ गेमिंग पीसी, फक्त १६ हजार"

अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. रंगीत लाइटचं कॅबिनेट, काचेची बाजू आणि वर "कोअर आय-७". त्यात बऱ्याचदा आय-७ २६०० किंवा आय-७ ३७७० हा प्रोसेसर असतो. पहिला २०११ सालचा, दुसरा २०१२ चा. त्याखाली एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, जुनी डीडीआर-३ रॅम आणि जीटी ७३० सारखं कार्ड. हे कार्ड स्क्रीनवर चित्र दाखवण्यापुरतं ठीक, आजच्या गेमला ते उपयोगाचं नाही.

प्रोसेसरची पिढी ओळखणं सोपं आहे. इंटेलच्या या चिपांत नावानंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी. २६०० दुसरी, ८५०० आठवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन बघायचे. १२१०० म्हणजे बारावी पिढी. बारावीचा आय-३ हा दुसऱ्या पिढीच्या आय-७ पेक्षा गेममध्ये कितीतरी पुढे आहे. आय-३, आय-५, आय-७ हे शब्द एकाच पिढीत तुलना करायला ठीक, पिढ्या वेगळ्या असल्या की त्यांना अर्थ राहत नाही.

जुन्या पिढीची दुसरी गोची म्हणजे विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, शिवाय टीपीएम २.० लागतं. 'व्हॅलोरंट' तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतच नाही. जुन्या मशीनवर दुकानदार विंडोज ११ जुगाड करून टाकून देतो, पण गेम सुरू करताना ते उघडं पडतं.

सोळा आण्यांचा हिशेब

पार्टांचे भाव महिन्याला हलतात, त्यामुळे रुपयांची पक्की यादी छापून उपयोग नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर जोरात चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे कंपन्या वळल्या. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओतला हिशेब आज जुळत नाही. वाटणी मात्र फारशी बदलत नाही. मॉनिटर बाजूला ठेवून सीपीयूच्या बजेटचे सोळा आणे धरले तर ग्राफिक कार्डाला सहा आणे, प्रोसेसरला तीन, मदरबोर्डला दोन, रॅमला दोन, एसएसडीला एक, एसएमपीएसला दीड आणि कॅबिनेटला अर्धा. ४० हजारांत एक आणा म्हणजे २,५०० रुपये. रॅम महाग असेल तेव्हा तिचा वाढीव आणा कार्डातून काढावा, एसएमपीएसमधून नाही.

(आपल्याकडे सगळ्या डब्यालाच "सीपीयू" म्हणतात. दुकानात बोलताना प्रोसेसरला प्रोसेसरच म्हणावं, नाहीतर भाव कशाचा सांगितला यावरून घोळ होतो.)

उलटा हिशेब केलेल्या मशिनी खूप दिसतात. कॅबिनेट आणि लाइटवर दोन-तीन आणे, कार्डावर उरलेसुरले आणि एसएमपीएस "कॅबिनेटसोबत फ्री". दिसायला झकास, चालायला नाही.

एसएमपीएस : सगळ्यात दुर्लक्षित डबा

गावात हा पार्ट शहरापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. व्होल्टेज वर-खाली होतं, लाइट जाते आणि येताना झटका देते. हा झटका आधी एसएमपीएसवर येतो. चांगला असेल तर तो स्वतः बंद पडतो आणि बाकीचं वाचवतो. भिकार असेल तर जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. म्हणजे हजार-दीड हजार वाचवायला जाऊन पंचवीस हजारांचा खड्डा.

डब्यावर "४५० वॅट" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नये. बाजूच्या स्टिकरवर तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. ३६ अँपिअर असेल तर ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ वॅट, हा खरा ४५० चा माल. १५ अँपिअर असेल तर १८० वॅटच, वरच्या आकड्याला काही अर्थ नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. "८० प्लस ब्राँझ" शिक्का असलेला, ४५० ते ५५० वॅटचा, तीन किंवा जास्त वर्षं वॉरंटीचा डबा घ्यावा. ग्राफिक कार्डाची ८ पिनची वायर त्यात आहे ना, हेही बघावं. नसेल तर पुढे कार्ड जोडता येणार नाही.

त्याला जोडून अर्थिंग. घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते असं बऱ्याच जुन्या घरांत आहे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजावं आणि आधी वायरमनला बोलवावं. शेतातल्या वस्तीवर, जिथं लाइट गावठाण फिडरवरून नाही, तिथं तर यूपीएसशिवाय मशीन लावूच नये. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार घेतो. पाच-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात गेम सेव्ह करून मशीन बंद करायची. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर पंख्या-बल्बाला ठीक, गेमिंग पीसीला नको.

शेजारच्या वारणा परिसराने हे सगळं आधीच पाहिलंय. १९९८ ला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात तिथल्या ७० गावांत कॉम्प्युटर पोचले होते, ऊसाच्या नोंदी आणि बिलाची माहिती गावातच मिळावी म्हणून. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून बघितलं गेलं. मशीन आणणं एक, ती गावात वर्षानुवर्षं चालती ठेवणं दुसरं.

आधी कार्डाशिवाय, मग कार्ड

२५-२८ हजारच हातात असतील तर स्वस्तातलं ग्राफिक कार्ड घेऊन पैसे जाळू नयेत. ज्या प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक असतं तो घ्यावा. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा त्यातला माहितीतला : सहा कोअर, बारा थ्रेड, २०२१ सालचा. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, कमी सेटिंगवर जीटीए ५ हे त्यावर कार्डाशिवाय नीट चालतात. फक्त एक अट, रॅमच्या काड्या दोन हव्यात. १६ जीबीची एक काडी न लावता ८-८ च्या दोन लावाव्यात. आतलं ग्राफिक रॅमच वापरतं, आणि दोन काड्यांनी त्याला रस्ता दुप्पट मिळतो. हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. दुकानदार "एकच लावा, पुढं वाढवता येईल" म्हणतो, ते कार्ड असलेल्या मशीनला ठीक आहे, इथं नाही.

मग पुढच्या बिलाला, पुढच्या वर्षी, त्याच मशीनमध्ये ग्राफिक कार्ड घालायचं. एसएमपीएस पहिल्यापासून चांगला घेतला असेल तर बाकी काही बदलावं लागत नाही. दोन टप्प्यांत घेण्याचा हा रस्ता हप्त्यावर एकदम मोठी मशीन उचलण्यापेक्षा बरा, कारण मधल्या काळात पोरगं खरंच रोज बसतंय की दोन महिन्यांत कंटाळलंय, तेही कळतं.

एकदम ४० हजार असतील तर कार्डासकट घ्यावी. कोअर आय-३ १२१००एफ हा चार कोअर, आठ थ्रेडचा प्रोसेसर या बजेटला पुरतो. नावातला "एफ" लक्षात ठेवावा : त्यात आतलं ग्राफिक नसतं, म्हणजे कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी. कार्डांत आरएक्स ६६०० (८ जीबी) बजेटमध्ये नवं मिळालं तर उत्तम, नाहीतर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल. हे दुसरं जेमतेम ७० वॅट खातं आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ५६००जी सोबत ते घेऊ नये. त्या कार्डाला चारच लेन आहेत आणि ५६००जी जुन्या पीसीआय ३.० वर चालतो, त्यामुळे वेग पडतो. शिवाय मेमरी ४ जीबीच.

हार्ड डिस्कवर विंडोज टाकायचे दिवस गेले. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरे. एकट्या जीटीए ५ ला शंभर जीबीहून जास्त जागा लागते, त्यामुळे २५६ ची घेतली तर महिन्यात भरते. मॉनिटर नसेल तर घरचा एचडीएमआयवाला टीव्ही सहा महिने चालवावा.

जुना माल घ्यायचा का?

काही घ्यावा, काही नाही. रॅम आणि प्रोसेसर सहसा खराब होत नाहीत, ते जुने घेतले तरी चालतात. एसएमपीएस जुना कधीच नको. कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे पीसी, आठव्या पिढीचा आय-५ ८५०० असलेले, हा खरंच चांगला सौदा असतो. विंडोज ११ रीतसर चालतं. पण त्यातला बुटका डबा घेतला तर त्यात फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं, आणि एसएमपीएस कंपनीच्या वेगळ्याच मापाचा असल्यानं बदलता येत नाही. उंच टॉवरचा घ्यावा किंवा अर्ध्या उंचीचं कार्ड मिळेल का ते आधी विचारावं.

जुन्या ग्राफिक कार्डाबाबत सावध राहिलेलं बरं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. आरएक्स ५८० नावानं "२०४८एसपी" हा हलका प्रकारही विकला जातो. कार्ड घ्यायचंच तर समोर अर्धा-पाऊण तास गेम चालवून बघावा आणि 'जीपीयू-झेड' हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडावं. एनव्हिडियाचं कार्ड बनावट असेल तर त्यात तसं लिहून येतं.

बिल, डबे आणि धूळ

पक्कं बिल म्हणजे १८ टक्के जीएसटी. "बिल नको, दोन हजार कमी करतो" ही ऑफर मोहात पाडते, पण बिलाशिवाय वॉरंटीला कोण विचारणार? बिलावर "असेंबल पीसी १ नग" असं न लिहिता प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीचं काम कोल्हापुरात होतं की कुरिअरनं पुण्या-मुंबईला जातं, हे घेतानाच विचारावं. दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

विजेचं म्हणाल तर अशी मशीन गेम चालू असताना मॉनिटरसकट अडीचशे-तीनशे वॅटच्या आत राहते. रोज चार तास खेळलं तर एक ते सव्वा युनिट.

हंगामात गुऱ्हाळाचा धूर आणि पाला पेटवल्याची काजळी घरात येते, ती पंख्यावाटे कॅबिनेटमध्येही जाते. पुढची बाजू पूर्ण काचेची असलेलं कॅबिनेट म्हणूनच नको, जाळीचं घ्यावं. तीन महिन्यांनी मशीन बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशनं झाडावं. मागच्या रिकाम्या फटी पट्टीनं बंद ठेवाव्यात, पाल आत शिरून एसएमपीएसवर मेली की मशीन गेलीच म्हणायचं. पार्टांचे रिकामे डबे मात्र रद्दीत घालू नयेत. वॉरंटीला देताना डब्यावरचा सिरियल नंबर पार्टावरच्या नंबराशी जुळवून बघतात, म्हणून ते तीन वर्षं माळ्यावर ठेवावेत.