मुंबईच्या पाण्याची थांबायची ठिकाणं

मुंबई तुंबली की शिव्या गटारांना बसतात. त्या अगदीच अस्थानी नाहीत, कारण इंग्रजी अमदानीतल्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्याच हिशेबाने बांधलेल्या होत्या. भरतीला वाहिनीच्या तोंडाशी समुद्रच चढलेला असतो. मग पाणी जाणार कुठे? ओहोटी लागेपर्यंत त्याला थांबायला तळी होती, खाजणं होती, मिठागरं होती. मुंबईने गमावली ती ही थांबायची ठिकाणं, आणि दरवेळी कारण पटण्याजोगंच होतं.

१७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खिंड बुजली, भायखळ्याकडचा सखल पट्टा समुद्रापासून सुटला. पण भरतीच्या पातळीहून खाली राहिलेल्या या जमिनीला पावसाचं पाणी बाहेर लोटता येईना. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही तळी मुळात माणसांसाठी, गुरांसाठी, धुण्यासाठी होती, पण पावसाचं पाणीही त्यांत थांबायचं. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने आलं, त्यांची गरज ओसरली. पुढे तळी बुजवायला हिवतापाचं कारण मिळालं. ती सबब नव्हती. हिवतापाचे अभ्यासक चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरींतल्या डासांवर बोट ठेवलं, तेव्हा माणसं खरोखरच मरत होती. तरी डासांसाठी अख्खं तळं बुजवायलाच हवं असं नाही, आणि बुजवताना पावसाचा हिशेब कोणी मांडला नाही. मिठी नदीच्या मुखाजवळ वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, तिथेही खाजण म्हणजे पडीक जमीन असंच धरलं गेलं.

यावर आक्षेप ठरलेला: २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो कुठलं तळं पोटात घेणार? कुठलंच नाही. पण तसा पाऊस वर्षानुवर्षांत एखादाच. दरवर्षी दादरजवळच्या हिंदमातासारखे सखल चौक बुडवणारा पाऊस त्याहून पुष्कळ लहान असतो. त्या प्रलयानंतर हाजी अली, ईर्ला इथे उदंचन केंद्रं आली, ती हवीतच. मात्र पंपापर्यंत पाणी एकदम धडकू नये, ही सोय जमिनीनेच करायची असते. मिठागरांत ती आहे: मीठ पिकवायचं काम पावसाळ्यात बंद असतं, बांध मात्र तसेच राहतात. एका हेक्टरात अर्धा मीटर पाणी अडलं तर ते पन्नास लाख लिटर भरतं. २०२४ मध्ये मिठागरांची २५५ एकरांहून अधिक जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. घरं हवीत, यात वाद नाही. पण त्या जमिनीची किंमत ठरवताना हे लिटर कोणत्या रकान्यात धरले?