दिनविशेष – ६ फेब्रुवारी : तिजोरीच्या किल्ल्यांसाठी रात्रभर विरोध

२०२५ : अमेरिकेच्या सिनेटने रसेल व्हॉट यांची व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाच्या संचालकपदावरील नेमणूक ५३ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केली. डेमोक्रॅटिक गटाच्या सर्व ४७ सदस्यांनी विरोधात मत दिले. त्याआधी त्यांनी रात्रभर आळीपाळीने भाषणे करून सभागृह जागते ठेवले.

काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अध्यक्षांना परस्पर रोखता येतो का, हा या विरोधाचा गाभा होता. त्याला लगाम घालणारा १९७४ चा कायदाच घटनाबाह्य आहे, असे मत व्हॉट यांनी सुनावणीत मांडले होते. विरोधकांची भीती अनाठायी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर रद्द करण्याचा घाट घातला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले सुमारे ४ अब्ज तूर्त रोखून धरण्यास मुभा दिली.

मतदान हरले, तरी तो विरोध वाया गेला नाही. धोका आधीच ओळखून कोणी बजावले होते, हे सभागृहाच्या इतिवृत्तात नोंदले गेले. जनतेच्या पैशाचा शेवटचा शब्द लोकप्रतिनिधींचाच असला पाहिजे, आणि त्यासाठी संख्याबळ नसतानाही उभे राहावे लागते.