लळिंगचा किल्ला

धुळ्याच्या दक्षिणेस दोन-तीन कोसांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच लळिंगचा डोंगर आहे. या वाटेने आम्ही कितीदा तरी गेलो; वर चढण्याचा योग मात्र परवा आला. ढासळलेला तट व खडकात खोदलेली पाण्याची टाकी, एवढेच काय ते उरले आहे.

परंतु फारुकी घराण्याचे हे जुने ठाणे. १३९९ मध्ये मलिक राजा वारला, तेव्हा लळिंग थोरल्या नसीरखानाकडे आले. शत्रूच्या भयाने बायकामुलांस आसरा हवा, अशी थाप मारून याने डोल्यांतून शिपाई पाठविले व आसा अहिराचा असीरगड बळकाविला, असे फिरिश्ता लिहितो. पुढे बहामनी सुलतानास दिलेल्या मुलीच्या गाऱ्हाण्यावरून त्याने वऱ्हाडावर स्वारी केली, ती अंगाशी आली. बऱ्हाणपूर जळाले आणि आता खरोखरीच आसरा शोधीत तो लळिंगास आला. येथेही पराभव झाला. १४३७ मध्ये तो मरण पावला.

फिरिश्ताचा ग्रंथ इंग्रजीत आणणारा ब्रिग्ज हा १८१८ नंतर धुळ्यास राहून खानदेशचा कारभार पाहत होता. त्याचे भाषांतर १८२९ मध्ये छापले गेले. नसीरखानाचा शेवट इंग्रजीत उतरविताना त्याला हा डोंगर खचितच आठवला असेल.